‘दूर’ : बँड फुटल्यानंतरचा अल्बम आणि वडिलांची उर्दू

पाकिस्तानी पॉप संगीत म्हटले की आपल्याकडे दोन नावे हमखास निघतात, नाझिया हसन आणि ‘जुनून’. ‘स्ट्रिंग्ज’ हे नाव सहसा कुणी घेत नाही. पण त्यांची गाणी आपण ऐकलेली असतात. २००६ च्या ‘झिंदा’ मधले ‘ये है मेरी कहानी’ आणि २००७ च्या ‘शूटआउट ॲट लोखंडवाला’ मधले ‘आखरी अलविदा’ ही त्यांचीच. मुंबईच्या सिनेमापर्यंत ते पोहोचले त्याच्या आधी त्यांचा बँड एकदा फुटला होता, आठ वर्षे गप्प बसला होता आणि चौघांऐवजी दोघांनीच एक अल्बम काढून तो पुन्हा उभा केला होता. २००० साली आलेल्या त्या अल्बमचे नाव ‘दूर’.

थोडे मागे जाऊ. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत गिटार वाजवणारा तरुण सरकारला फारसा पसंत नव्हता. तरीही १९८१ मध्ये नाझिया आणि झोहेब या भावंडांचा ‘डिस्को दिवाने’ घराघरांत पोहोचला. १९८७ मध्ये ‘व्हायटल साइन्स’चे ‘दिल दिल पाकिस्तान’ टीव्हीवर आले. ऑगस्ट १९८८ मध्ये झिया विमान अपघातात गेले आणि वर्षअखेरीस बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. देशात मोकळी हवा वाहू लागली. त्याच १९८८ मध्ये कराचीत चार कॉलेजच्या पोरांनी बँड काढला : बिलाल मकसूद, फैसल कपाडिया, रफीक वझीर अली आणि करीम बशीरभॉय. हाच ‘स्ट्रिंग्ज’.

पहिला अल्बम १९९० मध्ये आला, दुसरा १९९२ मध्ये. दुसऱ्यातले ‘सर किये ये पहाड’ खूप गाजले. तेव्हा उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरात शिरल्या होत्या, त्यामुळे गाणे सरहद्दीच्या बाहेरही पोहोचले. आणि नेमक्या याच वेळी बँड थांबला. शिक्षण, नोकरी, घरचा व्यवसाय, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा झाला. मध्यमवर्गीय घरातले आईवडील मुलाला गिटारवर संसार चालवू देत नाहीत. हे कराचीत जितके खरे, तितकेच औरंगाबादेत आणि भिवंडीतही.

ही आठ वर्षे कराचीसाठीही वाईट होती. जून १९९२ मध्ये शहरात लष्करी कारवाई सुरू झाली. संप, गोळीबार, बंद पडलेले मोहल्ले हे रोजचे झाले. पुढे १९९९ मध्ये कारगिल झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परवेझ मुशर्रफ यांनी सत्ता घेतली. अशा दशकानंतर बिलाल आणि फैसल पुन्हा एकत्र बसले. दोघेही तिशीच्या आसपासचे. पॉप संगीतात हे वय परत येण्याचे मानले जात नाही. आठ वर्षांत ऐकणारी पिढी बदललेली असते, कॅसेटची जागा सीडी घेत असते आणि जुने चाहते लग्न करून संसाराला लागलेले असतात.

दोघांनी नवे नाव घेतले नाही. ‘स्ट्रिंग्ज’ हेच नाव ठेवले. चौघांचे नाव दोघांनी चालवायचे म्हणजे लोक जुन्याशी तुलना करणार हे उघड होते. पण चाल बांधणारा बिलाल आणि गाणारा फैसल, ही जोडी शाबूत होती. आणि त्यांच्याकडे आणखी एक माणूस होता, जो बँडचा सदस्य कधीच नव्हता. तो म्हणजे बिलालचे वडील अन्वर मकसूद. ‘दूर’ या शीर्षकगीताचे शब्द त्यांचे.

अन्वर मकसूद हे पाकिस्तानात घरोघरी माहीत असलेले नाव. ‘आंगन टेढा’ ही त्यांची मालिका, मोईन अख्तर यांच्याबरोबरचा त्यांचा ‘लूज टॉक’ हा कार्यक्रम. त्यांच्या एक बहीण फातिमा सुरैय्या बजिया मोठ्या नाटककार, दुसऱ्या झेहरा निगाह नामवंत शायरा. हे सगळे घराणे मूळ हैदराबाद दख्खनचे, फाळणीनंतर कराचीला गेलेले. त्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडाही होता. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ ज्या राज्यात सुरू झाले, त्याच राज्यातल्या घरची ही भाषा. खुद्द कराचीही १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती. नकाशे बदलले तरी माणसे घर सोडताना भाषा सोबत घेऊन जातात.

‘दूर’चा विषय नावातच आहे, दुरावा. उर्दू शायरीत ‘हिज्र’ हा शेकडो वर्षांचा विषय. पण मकसूद यांनी त्यासाठी फारसीचा भार लादला नाही. शब्द बोलण्यातले, साधे, गिटारवर सहज बसणारे. सत्तर वर्षांच्या नानीला कळेल आणि सतरा वर्षांच्या नातवाला आवडेल अशी ही उर्दू आहे. मला वाटते, दोघांचा हा अल्बम टिकला त्याचे मोठे कारण हेच. वाद्यवृंद लहान झाला, पण शब्द पोकळ झाले नाहीत. मुलाला बापाची भाषा लाजिरवाणी वाटली नाही आणि बापाला मुलाची गिटार बेअदबी वाटली नाही.

उर्दू आणि मराठी शिकवताना मला याचे मोल जास्त कळते. आपल्या मुलांना उर्दू एक तर मदरशाची वाटते, नाहीतर मुशायऱ्याची. मोबाईलवर दिवसभर गाणी ऐकणाऱ्या मुलाला आपण जे ऐकतो त्यातही उर्दूच आहे, हे कुणी सांगत नाही. घरातली मोठी माणसे मुलांच्या संगीताला नावे ठेवतात, मुले मोठ्यांच्या शायरीला. मधल्या मधे भाषा मरते. कराचीतल्या त्या घरात ती मेली नाही, कारण बाप आणि मुलगा एकाच गाण्यावर काम करत होते.

पुढचा प्रवास थोडक्यात. २००३ मध्ये ‘धानी’ आला. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन २’ आपल्याकडे आला तेव्हा त्यांचे ‘न जाने क्यूं’ त्याच्याशी जोडले गेले. मग मुंबईचे सिनेमे. २०१४ ते २०१७ या काळात कोक स्टुडिओचे चार हंगाम या दोघांनी सांभाळले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी बँड संपल्याचे जाहीर केले, भांडण न करता, दोस्ती कायम ठेवून.

२०१६ च्या उरी हल्ल्यानंतर पाकिस्तानी कलावंतांसाठी मुंबईची दारे बंद झाली. त्या राजकारणावर मते वेगवेगळी असतील, असू द्या. पण उर्दू ही काही सरहद्दीपलीकडून आलेली पाहुणी नव्हे. ती दख्खनमध्ये वाढली, इथून कराचीला गेली आणि एका गाण्यातून परत आपल्या कानावर आली. तिला दूर ठेवायचे की घरात ठेवायचे, हे आपल्या हातात आहे. आज रात्री मुलाला विचारा, तो काय ऐकतो. त्यातला एखादा शब्द त्याला समजावून सांगा. सुरुवात तिथून होते.