ओटीपोटातल्या नसा आणि बाईचा शब्द

राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. दुखण्यालाही इतिहास असतो. तो वाचताना विचारायचा प्रश्न असा, की कोणाचं दुखणं कोणी आणि कधी खरं मानलं? आज हा प्रश्न आपण एका अगदी ओळखीच्या दुखण्याला लावून पाहू.

दोन-तीन बाळंतपणं झालेली बाई. सकाळी बरी असते. दुपार कलली की ओटीपोट जड पडतं, कंबर धरते, उभं राहवत नाही. पाळीच्या आधी त्रास वाढतो, नवऱ्याजवळ गेल्यावर वाढतो. घटकाभर आडवं झालं की उतरतो. असं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालतं. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर ठरते. कमरेला फडकं बांधून दिवसभर वाकणाऱ्या बाईला मध्येच आडवं होणं परवडत नाही. मग ती म्हणते, "दुखते तं दुखते, काय करता!"

या दुखण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक कारण नसांमध्ये आहे. पायाच्या नसा फुगून गाठाळलेल्या आपण पाहतो. तसंच ओटीपोटात, गर्भाशय आणि बीजांडकोश यांच्याभोवती होतं. नसांमध्ये रक्त उलटं फिरू नये म्हणून बारीक झडपा असतात. गरोदरपणात या नसा खूप रुंद होतात आणि कधी कधी पुन्हा पूर्ववत होत नाहीत. झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं, नसा ताणतात. डाव्या बीजांडकोशाची नस वर जाऊन मूत्रपिंडाच्या नसेला मिळते, उजवी थेट मोठ्या नसेला. डावीकडची वाट जास्त अडचणीची, म्हणून बिघाडही तिकडे जास्त.

आता इतिहास पाहू. बायकांच्या या तक्रारी जुन्याच आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचे वीस प्रकार सांगितले आहेत. गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून 'हिस्टेरिया' हा शब्द घडला आणि पुढे बाईच्या न समजलेल्या कितीतरी दुखण्यांवर तोच शिक्का बसला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तो शब्द आपल्या रोगांच्या यादीतून काढला तो थेट १९८० साली! ओटीपोटातल्या फुगलेल्या नसांचं वर्णन फ्रान्समध्ये रीशे यांनी १८५७ सालीच केलं होतं. १९४९ साली अमेरिकेत हॉवर्ड टेलर यांनी या रक्तसंचयाचा आणि वेदनेचा संबंध सविस्तर मांडला. पण त्यांनीही मुळाशी मनाचा ताणच धरला.

मग हे कारण इतकी वर्षं हाती का लागलं नाही? उत्तर साधं आहे. तपासणी आडवं झोपवून करतात, आणि आडवं झालं की या नसा रिकाम्या होतात. दुर्बिणीतून पोट तपासताना तर डोकं खाली ठेवतात, पोटात वायू भरतात; नसा आणखी दबतात. डॉक्टर प्रामाणिकपणे सांगत, "काही सापडलं नाही." घरी त्याचा अर्थ होई, "काही नाहीच." सापडलं नाही आणि नाहीच, या दोन वाक्यांत तर्कशास्त्राच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. त्या अंतराची किंमत बाईने मोजली. १९८४ साली लंडनमध्ये बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीत काही न सापडलेल्या बायकांच्या नसांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रं काढली. बहुतेकींच्या नसा रुंदावलेल्या निघाल्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे, अकोल्याचं 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी १८८५ साली निधी उभारला तो भारतातल्या बायकांना बायकांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. परपुरुषाला नाडी दाखवणंही कठीण असलेल्या काळात ती मोठीच गोष्ट होती. पण या दवाखान्यांचं मुख्य काम बाळंतपण. गरोदर नसलेल्या बाईचं जुनं दुखणं त्यात मागेच राहिलं.

ते किती मागे राहिलं, हे विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला मोजलं गेलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये अहवाल आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी आणि उपचार झाले होते फक्त ८ टक्के स्त्रियांचे. आणि दुसरं टोक बीडचं. ऊसतोड मजूर बायकांच्या पाहणीत, २०१९ साली, ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांची दुखणी नसांची होती असं आम्ही म्हणत नाही. दोन टोकं लक्षात घ्या: एकीकडे कोणी विचारतच नाही, दुसरीकडे विचारलं की "पिशवी काढून टाका."

या दोन टोकांच्या मध्ये तिसरी वाट निघाली. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची तुंबलेली रक्तवाहिनी चिरफाड न करता, बारीक नळी घालून मोकळी केली. तीच युक्ती पुढे उलट्या कामालाही आली, म्हणजे बिघडलेली नस आतून बंद करायला. १९९३ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी बीजांडकोशाच्या नसा अशा बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. मानेत किंवा जांघेत सुईएवढं छिद्र पाडायचं, जागेपुरती भूल द्यायची, नळी नसेत न्यायची, धातूची बारीक वेटोळी आणि औषधाचा फेस सोडून ती नस मिटवायची. रक्त शेजारच्या चांगल्या नसांनी वर जातं. बाई बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाते. गर्भाशय जागेवर राहतं.

पण उत्साहाच्या भरात सावधपणा सोडू नये. काही बायकांच्या नसा रुंद असतात आणि दुखत काहीच नाही. जंतुसंसर्ग, क्षय, गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं, ही कारणं आधी तपासावी लागतात. उपचाराने अनेकींना आराम पडतो, सगळ्यांना नाही. आणि मोठ्या तुलनात्मक चाचण्या अजून थोड्याच झाल्या आहेत. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी या आजारांचं नवं वर्गीकरण केलं, म्हणजे शास्त्राचीही घडी अजून बसतेच आहे.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून शेवटी एक मुद्दा. न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द कोणाचा प्रमाण? आप्ताचा, म्हणजे ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगू इच्छितो, त्याचा. स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत बाईपेक्षा मोठा आप्त कोण? उभं राहिलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं, हे ती शेकडो वर्षं सांगत होती. निदानाची किल्ली तिच्याच वाक्यात होती. यंत्राने पुढे तेच दाखवलं.

तेव्हा घरातली बाई ओटीपोट धरून बसली, तर कधी वाढतं, कधी उतरतं, हे तिला विचारा. डॉक्टरांकडे गेल्यावर ते तसंच्या तसं तिलाच सांगू द्या. आणि तपासणीत काही निघालं नाही, तर आणखी एक प्रश्न विचारायला लाजू नका: नसांची डॉप्लर सोनोग्राफी उभं करून होईल का?