शत्रूंच्या मुलांची शाळा

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात खिडकीजवळ एक बाक आहे. त्या बाकाच्या बरोबर मधोमध कर्कटकाच्या टोकाने कोरलेली एक रेघ आहे. रेघेच्या अलीकडे एका वाडीचा मुलगा बसे, पलीकडे दुसऱ्या वाडीचा. दोन्ही वाड्यांचे पाण्याच्या पाळीवरून तीन पिढ्यांचे वैर. मुलांनी ते बापांकडून घेतले, बापांनी आजोबांकडून. गेल्या वर्षी या दोघांची मारामारी झाली तेव्हा मी मास्तरकीला साजेसाच उपाय केला. दोघांना एका बाकावर बसवले, हातात हात द्यायला लावले आणि प्रतिज्ञेतली बंधुत्वाची ओळ दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितली. दोघांनीही ती सुवाच्य अक्षरात लिहून आणली. बाकावरची रेघ त्याच आठवड्यात उमटली.

ती रेघ डोक्यात असतानाच, गेल्या फेब्रुवारीत, एका लग्नाच्या निमित्ताने मी मुळशी तालुक्यात गेलो होतो. पौडच्या बाजारात उसाच्या गुऱ्हाळापाशी पाच-सहा तरुण मुले-मुली रस पीत उभी होती. एक आफ्रिकेतली वाटत होती, एक जपानी किंवा कोरियन, दोन अगदी पिंगट केसांची. आणि त्यांच्यात आपल्याकडची एक मुलगी गुऱ्हाळवाल्याशी घासाघीस करत होती. मी शेजारच्या दुकानदाराला विचारले, तेव्हा तो अगदी सहजपणे म्हणाला, “वरच्या कॉलेजातली पोरं आहेत, मास्तर. जगभरची असतात.” हे कॉलेज म्हणजे खुबवली गावाच्या डोंगरावर १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. ही तिथली एक फांदी आहे. तिचे मूळ मात्र ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर, एका जुन्या किल्ल्यात आहे. घरी आल्यावर मी त्या मुळाचा माग काढत गेलो. वाचता वाचता माझा बाक पुन्हा पुन्हा आठवत राहिला, म्हणून ही हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

गोष्टीचा नायक एक जर्मन शिक्षक. नाव कुर्ट हान. जन्म १८८६, बर्लिन, घराणे ज्यू. तरुणपणी त्याला उन्हाची तिरीप इतकी जबर लागली की पुढे आयुष्यभर प्रखर उजेड सोसला नाही. रुंद काठाची टोपी घालून वावरायचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचा चॅन्सेलर झालेला बाडेनचा राजपुत्र माक्स याचा हा खाजगी चिटणीस होता. युद्ध हरल्यानंतर त्या दोघांनी १९२० साली राजपुत्राच्याच वाड्यात, सालेम येथे शाळा काढली. पराभूत देशातल्या दोन माणसांना शाळा काढावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप वाटते. राजवाडा हाती असलेली माणसे सहसा दुसरेच काही काढतात.

पुढे १९३२ साली पोटेम्पा नावाच्या गावात हिटलरच्या पाच अनुयायांनी एका कामगाराला त्याच्या आईसमोर ठार मारले. न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा फर्मावली, तर हिटलरने तार करून खुन्यांना आपला पाठिंबा कळवला. तेव्हा हानने सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, हिटलरशी तरी नाते तोडा, नाहीतर सालेमशी तरी. आम्हां मास्तर लोकांना माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहायची सवय असते. पण ती बहुधा इमारत निधीसाठी असतात! हानला या पत्राची किंमत मोजावी लागली. १९३३ च्या मार्चमध्ये तो तुरुंगात गेला. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी रदबदली केली म्हणून सुटला आणि त्याच वर्षी ब्रिटनला आला. १९३४ साली स्कॉटलंडमध्ये त्याने गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. अगदी सुरुवातीच्या मुलांत ग्रीसचा एक राजपुत्र होता : पुढे एलिझाबेथ राणीचा पती झालेला फिलिप. त्याला ती शाळा मानवली. त्याच्या मुलाला, म्हणजे चार्ल्सला, तीच शाळा अजिबात मानवली नाही. थंड पाण्याच्या आंघोळी आणि पहाटेची धाव यांनी सगळीच मुले घडत नाहीत, काही नुसती गारठतात, हेही नोंदवून ठेवायला हवे.

पण हानच्या विचाराला खरे वळण दिले ते दुसऱ्या महायुद्धाने. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या ध्यानात आले की, जहाज बुडाल्यावर लहानशा होडीत थंडीवाऱ्यात तरुण धट्टेकट्टे खलाशी आधी मरतात आणि वयस्कर, मुरलेले खलाशी जगतात. तरुणांच्या अंगात बळ होते. पण आपण तगून जाऊ हा भरवसा नव्हता. होल्टच्या मदतीने हानने १९४१ साली वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी समुद्रावरच्या शिक्षणाचे वर्ग काढले. मुलगा आणि समुद्र यांची गाठ अशी पडली.

युद्ध संपले. १९५५ साली हानला पॅरिसमध्ये ‘नाटो’च्या संरक्षण महाविद्यालयात बोलावणे आले. तिथले प्रमुख होते ब्रिटिश हवाई दलाचे लॉरेन्स डार्व्हल. हानने तिथे पाहिले की, दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या राष्ट्रांचे अधिकारी एका टेबलाशी बसून एकच काम करत आहेत आणि कामाच्या ओघात त्यांची मैत्रीही झाली आहे. त्याला वाटले, पन्नाशीतल्या सेनापतींना जे जमते ते सोळा वर्षांच्या मुलांना का जमू नये? मन घट्ट होण्याआधीच त्यांना एकत्र का आणू नये? यातली गंमत वाचकांच्या लक्षात आली असेल. शांततेच्या शाळेची कल्पना सुचली ती लष्करी करारातून. आणि शाळेचे नावही ‘अटलांटिक कॉलेज’ पडले ते त्याच कराराच्या छायेत. पुढे त्या नावाचा संकुचितपणा टोचू लागला आणि ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’ हे व्यापक नाव आले. त्या कामी पुढाकार होता भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचा.

आता जागा. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्लॅमॉर्गनमध्ये सेंट डोनट्स नावाचा किल्ला आहे. चारशेहून अधिक वर्षे तो स्ट्रॅडलिंग घराण्याकडे होता. १७३८ साली त्यांचा शेवटचा वारस फ्रान्समध्ये द्वंद्वयुद्धात मेला आणि वंश खुंटला. पुढे १९२५ साली अमेरिकेतला वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने तो विकत घेतला. इंग्लंडमधल्या ब्रॅडनस्टोक येथील एका जुन्या मठाची इमारत उतरवून तिचे छत त्याने या किल्ल्यात आणून बसवले, समुद्रकाठी पोहण्याचा तलाव बांधला, चार्ली चॅप्लिनसारखे पाहुणे बोलावले. आणि एवढे करून स्वतः तिथे राहिला तो सगळे मिळून काही महिनेच.

त्याच्या पश्चात हा पांढरा हत्ती सांभाळणार कोण? पैसे आले एडनच्या बंदरातून. अंतोनिन बेस हा फ्रेंच व्यापारी एडनमध्ये कोट्यधीश झाला होता. १९३२ सालापर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. याच बेस कंपनीत १९५० च्या सुमारास गुजरातेतून गेलेला एक मॅट्रिक झालेला मुलगा नोकरी करत होता. त्याचे नाव धीरूभाई अंबानी. (मीही मॅट्रिकच, पण मला एडनला जायची बुद्धी झाली नाही!) थोरला बेस १९५१ साली वारला. त्याच्या मुलाने, त्याचेही नाव अंतोनिन, १९६० साली ६५,००० पौंड देऊन किल्ला घेतला आणि शाळेला देऊन टाकला.

सप्टेंबर १९६२ मध्ये १२ देशांतले ५६ मुलगे या किल्ल्यात दाखल झाले. त्यांच्यात जर्मन होते तसे जर्मनांशी लढलेल्या देशांतलेही होते. जन्म साधारण १९४५ च्या आसपासचे. म्हणजे कोणाच्या बापाने कोणाच्या बापावर बाँब टाकले असतील, हा हिशेब प्रत्येकाच्या घरी कधीतरी झालेलाच असणार. पहिले मुख्याध्यापक होते रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर, नौदलातले इंजिनिअर. या माणसाने मुलांपुढे विश्वबंधुत्वाची व्याख्याने किती दिली ते ठाऊक नाही. पण त्याने त्यांना काम दिले, ते असे.

किल्ल्यासमोरचा समुद्र म्हणजे ब्रिस्टलची खाडी. जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तिथे चालते; तीन-चार मजली इमारतीएवढे पाणी चढते आणि उतरते. किनारा म्हणजे उभे, ठिसूळ कडे. पोहायला आलेली माणसे भरतीत सापडतात, कड्यावर चढलेली अडकतात, शिडाच्या होड्या उलटतात. त्यांना वाचवणे हे विद्यार्थ्यांचे काम ठरले. सकाळी गणित, भाषा, इतिहास. दुपारी कोणी कड्यावरून दोर सोडून उतरण्याचा सराव करायचा, कोणी किनाऱ्यावर पहारा द्यायचा, कोणी होडीवर जायचे. रात्री एका खोलीत वेगवेगळ्या देशांची चार-चार मुले. दोर वरून धरणारा फ्रेंच आणि खाली लोंबकळणारा जर्मन, अशी जोडी लागली म्हणजे इतिहासाच्या चर्चेला निराळेच वजन येत असणार!

होड्यांचा प्रश्न मात्र बिकट होता. लाकडी होड्या खडकांवर आपटून फुटत. हवा भरलेल्या रबरी होड्या हलक्या आणि सुरक्षित. पण त्यांचा तळ किनाऱ्यावर घासून फाटे आणि लाटेत त्या लिबलिबीत होत. होरने मुलांना हाताशी धरून खटाटोप सुरू केला. रबरी कडेला खाली प्लायवूडचा टणक तळ जोडायचा, समुद्रात न्यायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. वर्षानुवर्षे हे चालले. त्यातून टणक तळाची, हवेच्या काठाची जी होडी निघाली तिची भावंडे आज जगभर तटरक्षक दले आणि नौदले वापरतात. आपलेही नौदल वापरते. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेने १९६३ सालीच कॉलेजात आपले ठाणे उघडले होते. तिने या होडीवरून घडवलेल्या नौकेला ‘अटलांटिक २१’ असे कॉलेजचेच नाव दिले. होरने पेटंटचे हक्क त्या संस्थेला एका पौंडाला विकले आणि त्या एका पौंडाचा चेकही कधी वटवला नाही.

१९६७ पासून मुली आल्या. आणि १९६९ मध्ये नॉर्वेची एक अठरा वर्षांची विद्यार्थिनी त्या संस्थेच्या किनारी जीवरक्षक नौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. संस्था १८२४ सालची! सव्वाशेहून अधिक वर्षे जे ब्रिटिश बाईला मिळाले नव्हते ते परदेशातून शिकायला आलेल्या पोरीला मिळाले. वादळी समुद्रात सुकाणूवर कोण आहे, तिचा देश कोणता, हे बुडणारा माणूस विचारत नाही.

बाकीचे थोडक्यात. १९७१ साली कॉलेजने ब्रिटिश परीक्षा सोडून नवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम संपूर्णपणे स्वीकारला. त्यात समाजसेवा सक्तीची आहे. मुले निवडतात ती ज्या त्या देशाच्या समित्या, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांना शिष्यवृत्त्या मिळतात. आज अशी १८ कॉलेजे आहेत. नेदरलंड्सचे आजचे राजे, बेल्जियमची आणि स्पेनची राजकन्या ही मंडळी याच किल्ल्यात शिकली. इथे मला जरा अडखळायला होते. राजकन्या आणि निर्वासिताचे पोर एका खोलीत राहतात हे खरेच मोठे. पण ज्या शाळेचा खर्च एखाद्या श्रीमंताच्या दानावाचून भागत नाही, तिची तोंडदेखली नक्कल कोठेही होऊ शकते, खरी नक्कल अवघड. आणि कड्यांवरचे, लाटांमधले काम आता पूर्वीइतके उरलेले नाही. नौकांचे ते ठाणे २०१३ साली बंद झाले. पन्नास वर्षे सोळा-सतरा वर्षांची मुले रात्री-अपरात्री उठून पाण्यात गेली होती.

हान १९७४ साली वारला. गॉर्डनस्टनमध्ये, अ‍ॅबरडोव्हीत, सेंट डोनट्समध्ये त्याने एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिली, असे मला वाटते : मुलांना एकमेकांकडे बघायला लावू नका, दोघांना मिळून तिसऱ्याकडे बघायला लावा. मी माझ्या दोन पोरांना नेमके उलटे करायला लावले होते.

आमच्या शाळेला समुद्र नाही. ओढा आहे. पावसाळ्यात तो फुगतो तेव्हा पहिली-दुसरीची मुले दोर धरून फरशीवरून पलीकडे जातात आणि दोराच्या दोन टोकांना मोठ्या वर्गातली पोहणारी मुले उभी राहतात. या जूनमध्ये ती पाळी लावताना मी खिडकीजवळच्या बाकावरच्या दोघांची नावे एका दोरावर लिहिली. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एका चिमुरडीची चप्पल वाहून गेली आणि दोर ढिला कोणी सोडला यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. भांडत भांडतच दोघे काठाकाठाने ओढ्याच्या वळणापर्यंत धावले, आणि चिखलाने माखून, प्रार्थना संपल्यावर, चप्पल घेऊन वर्गात आले.

बाकावरची रेघ अजून आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी बाके रंगवायला काढली तेव्हा शिपाई म्हणाला, “पॉलिशपेपर मारू का, सर?” मी म्हटले, “राहू दे. त्यांची आहे.”