समासातील वाटाड्या : दासोपंतांची पासोडी ते संकेतस्थळाची बाजूपट्टी

(इतिहासधागा)

१.
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांच्या परंपरेत चारशे वर्षांहून अधिक काळ एक कापड जपले गेले आहे. त्याची लांबी सुमारे ४० फूट आणि रुंदी सुमारे ४ फूट सांगितली जाते. पांघरण्याच्या या जाड्याभरड्या वस्त्रावर, म्हणजे पासोडीवर, दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय मजकूर आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. आज अनेक संकेतस्थळांच्या कडेला दिसणाऱ्या मार्गदर्शक बाजूपट्टीचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर या पासोडीपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. मोठ्या मजकुरात वाचकाने हरवू नये, हा दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे.

२.
अंबाजोगाईला हा प्रश्न जुना आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्याचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग असून प्रकरणे १८ आहेत. त्या काळचा वाचक मुख्यतः श्रोता होता. ग्रंथ वाचून दाखवला जाई आणि श्रोता पहिल्या ओवीपासून क्रमाने पुढे जाई. मध्येच एखाद्या ठिकाणी उडी मारण्याची गरज क्वचितच भासे. ग्रंथाचा विषय कोणता, अधिकारी कोण, प्रयोजन काय, हे आरंभीच सांगण्याची शास्त्रग्रंथांची पद्धत होती. दिशा दाखवण्यास तेवढे पुरेसे होते.

३.
पोथी हातात आली तेव्हा अडचण बदलली. पोथीची पाने शिवलेली नसतात. ती लाकडी फळ्यांमध्ये दाबून बासनात बांधतात. बासन सुटले आणि पाने विखुरली, तर ग्रंथाचा क्रमच नाहीसा होतो. म्हणून लेखनिक समासाचा उपयोग करू लागले. पानाच्या पाठीमागील बाजूस, डाव्या समासात ग्रंथनामाची आद्याक्षरे आणि त्याखाली पानाचा आकडा लिहीत. उजव्या समासात बहुधा ‘राम’ लिहून तोच आकडा पुन्हा देत. अध्यायाचे आकडे आणि समाप्तिवाक्ये गेरूने उठावदार करीत. मुख्य मजकुराला धक्का न लावता, कडेला उभे राहून वाट दाखवणारी ही जुनी बाजूपट्टीच होय.

४.
याच ‘समास’ शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’ची विभागणी २० दशकांत केली आणि प्रत्येक दशकात १० समास ठेवले. त्यामुळे ‘सतराव्या दशकाचा आठवा समास’ एवढे म्हटले की वाचक नेमक्या ठिकाणी पोहोचतो. ग्रंथातील प्रत्येक जागेला ठरलेला पत्ता असावा, ही कल्पना येथे पूर्णत्वास गेलेली दिसते. पत्त्याशिवाय यादी करता येत नाही आणि यादीशिवाय बाजूपट्टी उभी राहत नाही.

५.
दासोपंतांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५. त्यांच्या लेखनाचा विस्तार थक्क करणारा होता. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, अशी आख्यायिका सांगतात. गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णव’ या टीकेची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. सामान्य वाचकाला आज दासोपंत आठवतात ते मात्र मुख्यतः पासोडीमुळे. याला पासोडीचे अद्भुत रूप कारण आहेच, परंतु तिच्या मांडणीचाही त्यात वाटा आहे.

६.
पंचीकरण हा विषयच कोष्टकाचा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते. प्रत्येक भूताचा अर्धा भाग तसाच राहतो, उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होऊन ते इतर चार भूतांत मिसळतात. अशा रीतीने पाच पंचके, म्हणजे पंचवीस तत्त्वे होतात. पृथ्वीकडे अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम येतात, तर आकाशाकडे काम, क्रोध, शोक, मोह, भय. हे सारे ओळीने सांगत गेले तर दहाव्या नावापर्यंत पहिले विसरते. तेच एका विस्तीर्ण पटावर मांडले की कोणते तत्त्व कोठून आले, हे डोळ्यांना दिसते. कडेकडेने चालत वाचता येईल असा ४० फुटांचा पट या विषयाला म्हणूनच साजेसा ठरला.

७.
आता चार शतके ओलांडून संगणकाकडे वळू. इ. स. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केले, तेव्हा त्याची पाने साध्या मजकुराची आणि दुव्यांची होती. पाने वाढली तशी प्रत्येक पानावर तीच यादी पुन्हा लिहिणे जिकिरीचे झाले. नेटस्केप २.० या न्याहाळकाने ‘फ्रेम’ची सोय आणली. खिडकीचे दोन भाग झाले. डावीकडे स्थिर यादी, उजवीकडे बदलणारा मजकूर.

८.
ही सोय फसवी निघाली. आतील पान बदलले तरी वरचा पत्ता तोच राही, त्यामुळे नेमक्या पानाची खूण ठेवता येत नसे. शोधयंत्रातून आलेला वाचक कधी यादीविना उघड्या पानावर येऊन पडे. विखुरलेल्या पोथीच्या, समास कापलेल्या पानासारखी त्याची अवस्था होई. पुढे पानाची मांडणी ठरवणारी शैलीपत्रके रुळली आणि एचटीएमएल ५ मध्ये फ्रेम वगळण्यात आल्या.

९.
यानंतरचा टप्पा मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. युनिकोडमुळे देवनागरी लेखन सोपे झाले आणि मराठी अनुदिन्या फुलू लागल्या. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मुखपृष्ठ आणि अलीकडील बदल यांसारख्या दुव्यांची कडेची पट्टी तेथे अनेकांच्या ओळखीची झाली. मे २००७ मध्ये वर्डप्रेसच्या २.२ या आवृत्तीत ‘विजेट’ मूळ प्रणालीचाच भाग झाले. संकेतलेखन न येणारा शिक्षक किंवा विद्यार्थीही एक चौकट उचलून बाजूपट्टीत ठेवू शकला. अलीकडचे लेख, विषयवार विभाग, महिन्यांनुसार जुने लेखन, शोध, अशा त्या चौकटी होत्या. लेखनिकाच्या हातचे काम आता प्रत्येक लिहिणाऱ्याच्या हाती आले.

१०.
हात सैल होताच पट्टी भरू लागली. घड्याळे, भेट देणाऱ्यांचे मोजमाप, हलणारी चित्रे, दिनदर्शिका यांची गर्दी झाली. पाने उघडण्यास वेळ लागू लागला. वाट दाखवण्यासाठी ठेवलेला समासच वाट अडवू लागला. ‘महिन्यांनुसार जुने लेखन’ ही चौकट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. लेख कोणत्या महिन्यात लिहिला, हे लेखकाला आठवते. वाचकाला मात्र विषय हवा असतो.

११.
इ. स. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर कडेला जागाच उरली नाही. बाजूपट्टी लेखाच्या तळाशी गेली किंवा तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे दडली. हे चिन्ह त्याहून जुने आहे. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ मधील ‘स्टार’ या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ते रेखाटले होते. जुलै २०२१ मध्ये वर्डप्रेस ५.८ ने विजेटांची जागाही ठोकळ्यांच्या रचनेत आणली. साधने बदलत गेली, परंतु यादीत काय असावे हा निर्णय कोणत्याही साधनाने घेतलेला नाही.

१२.
तो निर्णय कसा घ्यावा, याचे उत्तर या इतिहासातच आहे. समजा, अंबाजोगाईच्या वारशावर एखादे संकेतस्थळ उभारायचे आहे. पट्टीत प्रथम विषय यावेत : मुकुंदराज, दासोपंत, योगेश्वरी मंदिर, हत्तीखान्याची लेणी. त्याखाली शोधाची चौकट, आणि शेवटी अलीकडचे दोन-तीन लेख. नावे वाचकाच्या तोंडची असावीत. ‘इतर’ किंवा ‘संकीर्ण’ या नावाची चौकट म्हणजे आत काय आहे हे न सांगणारे बंद बासन. प्रत्येक पान स्वतंत्रपणे उघडणाऱ्यालाही आपण कोठे आहोत, हे कळले पाहिजे. भ्रमणध्वनीवर पट्टी तळाशी जाणार असेल, तर मुख्य विषयांचे दुवे लेखाच्या आरंभीही द्यावेत.

१३.
मराठवाड्यातील कितीतरी हस्तलिखिते आता छायाचित्रांच्या रूपात संगणकावर येऊ शकतात. पाने चढवणे हे त्यातील निम्मेच काम आहे. सव्वा लाख ओव्यांचा सागर जसाच्या तसा पडद्यावर आणला आणि त्याला अध्याय, विषय, पत्ता काहीच दिले नाही, तर तो तेथेही न वाचलेलाच राहील. समासात ‘राम’ आणि आकडा लिहिणाऱ्या अनाम लेखनिकाने पुढच्या वाचकाची काळजी वाहिली होती. बाजूपट्टी मांडणाऱ्याकडे आज तेच काम आले आहे.

(धागा समाप्त)