घोस्ट ते ट्रेबल: थरांची गोष्ट

फोनवर 'फॅक्टरी रीसेट' दाबलं की फोटो, ॲप्स, चॅट सगळं जातं, पण अँड्रॉइड जात नाही. मूळ सिस्टिम वेगळ्या कप्प्यात असते, फक्त वाचता येण्यासारखी. तुमचा पसारा दुसरीकडे. ही वाटणी आज स्वाभाविक वाटते. पण आधी बरीच वर्षं उलटाच कारभार होता.

1995च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरे हॅझर्ड या प्रोग्रामरने 'घोस्ट' लिहिलं. एका मशीनवर सगळं नीट बसवायचं, त्या अख्ख्या डिस्कची एक फाइल करायची आणि तीच बाकीच्या मशीन्सवर ओतायची. 1998मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं आणि 'नॉर्टन घोस्ट' हे नाव जगभरच्या लॅबमध्ये पोचलं. आमच्या कॉलेजातही प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या रात्री लॅब असिस्टंट एकटे थांबून एकेक मशीन 'घोस्ट मारायचे'. हे क्रियापद तेव्हा सर्रास चालायचं.

अडचण अशी, की ती प्रत म्हणजे गोठवलेलं मशीन. एक्सपीच्या काळात मदरबोर्ड वेगळ्या जातीचा निघाला तर निळा पडदा ठरलेला. म्हणून दर मॉडेलला वेगळी प्रत, आणि एक सुधारणा आली की सगळ्या प्रती पुन्हा करा. शिवाय विंडोजच्या प्रत्येक मशीनला एक सुरक्षा-ओळख क्रमांक असतो, तो प्रतींमध्ये सारखाच उतरायचा. तो बदलण्यासाठी लोक वर्षानुवर्षं 'न्यूसिड' चालवत. 2009मध्ये खुद्द न्यूसिडचे एक कर्ते मार्क रुसिनोविच यांनी ते बंद केलं आणि सांगितलं, की ज्या धोक्यासाठी हे होतं तो धोकाच नव्हता. एवढं सोवळं पाळलं, आणि कारण कुणी तपासलंच नव्हतं!

व्हिस्टाला सगळ्यांनी नावं ठेवली, पण तिच्याबरोबर आलेला 'विम' हा फाइल-प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. यात डिस्कची नव्हे, फाइलींची प्रत असते. एकाच विममध्ये अनेक आवृत्त्या मावतात, समान फाइल एकदाच साठवली जाते, आणि मशीन चालू न करताही आत ड्रायव्हर घालता येतो. प्रत उघडता येऊ लागली.

खरी कलाटणी मात्र सीडीने दिली. सीडीवर लिहिता येत नाही, ही अडचणच उपयोगी पडली. 2000मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी 'नॉपिक्स' आणलं. 700 एमबीच्या सीडीत सुमारे दोन जीबीची लिनक्स प्रणाली दाबून बसवलेली, हार्ड डिस्कला हात न लावता चालणारी. पुढे अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात एरेझ झाडोक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'युनियनएफएस' केलं. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसं हे. खालचा नकाशा तसाच राहतो, तुमच्या रेघा वरच्या कागदावर. खालची फाइल 'डिलीट' केली तर ती मिटत नाही. वरच्या थरात फक्त 'ही दाखवू नको' अशी खूण बसते.

चेक प्रोग्रामर टोमाश मातेयीचेक यांच्या 'स्लॅक्स'मध्ये हेच थर सुटे झाले. ऑफिसचं सॉफ्टवेअर हवं? त्याचं मॉड्यूल, म्हणजे एकच फाइल, फोल्डरमध्ये टाका. नको? काढून घ्या. पाया एकच, ग्रंथालयाच्या मशीनला एक मॉड्यूल, लॅबच्या मशीनला दुसरं. 2013मध्ये आलेलं डॉकरही सुरुवातीला याच जातीच्या, जुंजिरो ओकाजिमा यांच्या 'औएफएस'वर उभं होतं. औएफएसला लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये कधीच जागा मिळाली नाही; 2014मध्ये ती मिळाली ओव्हरलेएफएसला.

फोनमध्ये मात्र जुनंच दुखणं राहिलं होतं. नवं अँड्रॉइड आलं की चिप बनवणाऱ्याचा कोड आणि फोन कंपनीचा कोड त्याच्याशी पुन्हा जुळवावा लागे. ते काम परवडत नसे, म्हणून बरे चालणारे फोन अपडेटविना टाकून दिले जात. 2017च्या अँड्रॉइड 8मध्ये गुगलने 'ट्रेबल' आणलं: चिपचा कोड एका कप्प्यात, अँड्रॉइड दुसऱ्यात, मधली सीमा ठरलेली. त्यातूनच 'जेनेरिक सिस्टिम इमेज' शक्य झाली. एकच प्रत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर चालणारी; घोस्टला जे मदरबोर्डपाशी अडलं ते इथे जमलं.

कंपनीने अपडेट थांबवलेल्या फोनवर ती प्रत तुम्ही स्वतः बसवू शकता, पण आधी बूटलोडर उघडावा लागतो. आणि कित्येक कंपन्या तो उघडूच देत नाहीत.