ब्रेकची बखर

माणसानं चाकाचा शोध लावला याचं कौतुक आपण पहिलीच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. ते चाक थांबवायचं कसं, हे कोणी शोधून काढलं, असा प्रश्न मात्र परीक्षेत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उभी हयात इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे मी हे अधिकारवाणीनं सांगू शकतो. आमच्या पुस्तकांत राजे निघतात, फौजा निघतात, मोहिमा निघतात. कोणी थांबलं तर त्याला फार तर 'मुक्काम' म्हणतात आणि पुढचा धडा सुरू होतो.

आमच्या जवळा बाजारात हा प्रश्न पडायचं कारणही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या इथलं वाहन म्हणजे बैलगाडी. गाडीवानानं कासरे ओढले की बैल थांबत आणि बैल थांबले की गाडी थांबे. म्हणजे ब्रेक होता, पण तो गाडीत नव्हता, बैलात होता. मोटार आली आणि ही सोय गेली. मोटारीला तिच्या भल्यासाठीसुद्धा स्वतःहून थांबावंसं वाटत नाही.

या बखरीचं पहिलं पान एका बाईच्या नावावर आहे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ या जर्मन बाईंनी नवऱ्यानं बनवलेली मोटार नवऱ्याला न विचारता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा बाईंनी वाटेत एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक-लायनर ते हेच, असं मानतात. माहेरची ओढ असलेल्या बाईला थांबण्याचं साधन सुधारावंसं वाटावं, यात खोल काहीतरी आहे. पण आमच्या घरात त्यावर चर्चा करण्याची मला परवानगी नाही.

दुसरं पानही चामड्याचंच. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगरी भागात गाडीवान लोक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं ते पाहिलं आणि १८९७ साली ब्रेकला लावायचं खास अस्तर बनवण्याचा धंदा काढला. मालाला नाव देताना त्यानं आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केली, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर घातलं आणि 'फेरोडो' तयार झालं. ब्रेकच्या नावात बायकोचं अक्षर असावं, हे त्याला कसं सुचलं ते त्यानं लिहून ठेवलेलं नाही. शहाणा असावा.

हे सगळं मी वाचून काढलं त्याला कारण आमच्या वाड्यातली गाडी. आजोबांनी ती १९५३ साली हैदराबादहून जुनी म्हणून विकत आणली. हिशोबाच्या वहीत तिची किंमत हाली आणि कलदार अशा दोन्ही रुपयांत मांडलेली आहे. त्या काळी आम्ही हैदराबाद राज्यातले. निजामशाही १९४८ च्या सप्टेंबरात संपली तरी हाली नाणं माणसांच्या जिभेवरून आणि खिशातून लगेच गेलं नव्हतं. गाडी विलायती, १९३० नंतरच्या दशकातली. तिचं कूळ मी सांगत नाही. घरच्या माणसाचं दुखणं सांगताना आडनाव घेऊ नये. शिवाय दोष कूळवाल्यांचा नव्हता, हे पुढे कळेलच.

१९८२ नंतर ती परसातल्या पडवीत विटांवर चढली आणि हळदीच्या पोत्यांना टेकू म्हणून कामी येऊ लागली. मध्यंतरी आमचा जिल्हासुद्धा बदलला, १९९९ साली परभणीतून हिंगोली वेगळा झाला. गाडी मात्र हलली नाही. मग पुण्याच्या पुतण्याला मुंबईत एक गिऱ्हाईक भेटलं आणि गाडी विकण्याची भाषा सुरू झाली.

"विका की," आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "पण आधी मला तिच्यातून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्या. १९५६ साली नवरी होऊन मी याच गाडीतून वसमतला गेले. येताना एकदा बसू द्या, मग तिचं काय करायचं ते करा."

आत्याबाईंचं वय पंच्याऐंशी. त्यांच्यापुढे पुतण्याचं गिऱ्हाईक म्हणजे किस झाड की पत्ती!

इंजिन कसं सुरू झालं ती वेगळी पोथी आहे. प्रश्न उभा राहिला तो थांबण्याचा. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात गाडी फिरवून पाहिली. ब्रेक दाबला की ती थांबायच्या आधी डावीकडे वळायची. औंढ्याची कथा आमच्याकडे पोरटोर जाणतं : नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करावं लागलं, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. आमची गाडीही तशीच फिरली. फक्त तिच्यापुढे नामदेव नव्हते, शेंगदाणेवाला होता. तो चपळ निघाला.

लगेच पंधरा-वीस तज्ज्ञ गोळा झाले. सर्वांचं एकमत : डाव्या चाकात बिघाड. एकमत म्हणजे काय, हे शाळेच्या कमिटीत मी पुष्कळ पाहिलेलं असल्यामुळे मी चाचाला बोलावणं धाडलं.

चाचा आमच्या गावचा मिस्त्री. त्याचे वडीलही मिस्त्रीच, आणि आजोबांची गाडी तेच पाहायचे. चाचानं गाडी एकवार चालवली, खाली उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, डाव्या अंगाला ओढायलीय म्हंजी डावं चाक बेस हाय. कामचोर उजवं हाय."

तज्ज्ञ हसले. चाचानं समजावलं, "जोडीतला डावा बैल थांबला आन् उजवा चालतच ऱ्हायला, तर गाडी कुनीकडं वळंल?"

पटांगणात शांतता पसरली. बैलाचं उदाहरण आमच्याकडे वेदवाक्य असतं.

इथं थोडं मागं जायला हवं. पुष्कळ वर्षं मोटारींना पुढच्या चाकांत ब्रेकच नसत. सहाव्या निजामासाठी मागवलेली आणि १९१२ साली तयार झालेली ती प्रसिद्ध पिवळी रोल्स-रॉइस, जिच्यात मागं सिंहासन बसवलं होतं, तिलासुद्धा ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ती फार धावली नाही, हे एका परीनं बरंच झालं. पुढच्या चाकांना ब्रेक लावावेत अशी टूम निघाली तेव्हा गाडी कोलांटी उडी मारील, अशी शहाण्यासुरत्यांना भीती वाटे. १९२० नंतर असे ब्रेक आले, तर युरोपात काही गाड्यांच्या पाठीवर लाल त्रिकोण लावत : ही चटकन थांबते, मागच्यानं सांभाळावं! ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या गाडीत तर सुरुवातीला पायडल मागची चाकं थांबवी आणि हाताचा दांडा पुढची. संसारात नवरा-बायकोनं खाती वाटून घ्यावीत तसं. १९३० साली दोन्ही जोडली गेली.

चारही चाकांना सारखा जोर पोचवायचा कसा, हा खरा पेच. दांड्या आणि तारा कुठं सैल, कुठं ताठ. त्यावर माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसानं १९१७ साली तेलाच्या दाबाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. बंद नळीत तेल दाबलं की दाब सगळीकडे सारखा जातो; हे पास्कलनं सतराव्या शतकातच सांगितलं होतं, पण तेव्हा त्याला मोटार थांबवायची नव्हती. १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीत हे ब्रेक चारही चाकांना आले. हेन्री फोर्डचा मात्र तेलावर विश्वास बसेना. पायडलपासून चाकापर्यंत पोलाद असलं पाहिजे, हा त्याच्या कंपनीचा अभिमान. १९३९ पर्यंत फोर्डच्या गाड्यांना तेल शिवलं नाही.

तर आमच्या गाडीत तेलाचे ब्रेक. चाचानं तिला चार-सहा वेळा पळवून थांबवलं आणि ड्रमांजवळ तळवा नेऊन पाहिला. डावं पुढचं आणि मागची दोन्ही चाकं तापलेली. उजवं पुढचं थंडगार. जॅक लावून मागचं चाक उचललं, तर हातानं फिरेना. म्हणजे तीन चाकं एकदा धरलेलं सोडत नव्हती आणि चौथं धरतच नव्हतं. सहकारी संस्था म्हणून सहज नोंदणी झाली असती.

मग चाचानं मागच्या चाकाचं निपल पान्यानं किंचित सैल केलं. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक गरकन् फिरलं. "स्प्रिंगा ठीक हायत," चाचा म्हणाला, "तेल आत कोंडायलंय." निपल आवळून पुन्हा पायडल दाबायला लावलं, चाक पुन्हा जाम. या खेपेला त्यानं थेट मास्टर सिलिंडरपाशी नळी सैल केली. चाक सुटलं. म्हणजे वाटेतल्या नळ्या निर्दोष, तेल परत येण्याचा दरवाजाच बंद. मी उगाच इतिहासात पदवी घेतली असं वाटायला लावणारी ही चौकशी होती. एकेका साक्षीदाराला वेगळं बोलावून प्रश्न फक्त एकच विचारायचा.

उजव्या चाकाचा ड्रम काढण्याआधी चाचानं तोंडाला रुमाल बांधला आणि आतली धूळ ओल्या फडक्यानं टिपली. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असतो; पूर्वीचे मिस्त्री फुंकर मारून ती धूळ उडवायचे, आणि चाचाचे वडील आयुष्याच्या शेवटी फार खोकायचे. त्यापलीकडे तो त्यावर काही बोलला नाही.

आतलं रबर फुगून दट्ट्या जागच्या जागी अडकला होता. चाचानं वाटीभर पाणी मागवलं आणि गाडीतल्या तेलाचे दोन थेंब त्यात सोडले. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हे थेंब ऐटीत तरंगत राहिले.

"इंजिन ऑइल," चाचा म्हणाला. "कुनीतरी ब्रेकात इंजिन ऑइल घातलंय. जुनं रबर त्यानं फुगतंय. मास्टरचं रबर फुगून परतीच्या भोकावर बसलंय, आन् ह्यो इथला दट्ट्या धरून बसलाय. रोग येकच."

निदान झालं. पण 'कुणीतरी' हा शब्द वाईट. पुतण्या फोनवर सहज बोलून गेला, "त्या काळी गाडी चाचाचे वडीलच बघायचे ना?" फोन मोठ्या आवाजावर होता. चाचा पाना पुसत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "असंल. त्या टायमाला मिळत नव्हतं काही." आणि जेवायला म्हणून गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही.

आता मात्र माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. आजोबांची वही मी पानापानानं काढली. एका जागी नोंद सापडली : मिस्त्रीस ब्रेकाकरिता एरंडेल व इस्पिरिट. रक्कम आधी आण्यांत लिहून शेजारी नव्या पैशांत फिरवलेली. म्हणजे साल १९५७, दशमान नाणी आली ते.

एरंडेल! वाचकहो, आमच्या पिढीला हा शब्द ऐकला की अजून पोटात कळ येते. ज्या एरंडेलानं दर रविवारी सकाळी आमचे ब्रेक निकामी केले, ते या माणसानं मोटारीला ब्रेक लागावेत म्हणून पाजलं होतं. पण हसण्याआधी पुस्तकं पाहिली. तेलाच्या ब्रेकच्या आरंभीच्या काळात कारखानेच एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत. रबराला ते सोसतं. विलायती डबा मिळेना, तेव्हा जवळा बाजारातल्या मिस्त्रीनं बांधावरच्या एरंडातून तीच वस्तू करून घातली होती. आणि त्यानंतर पंचवीस वर्षं गाडी सरळ थांबत होती, याच्या साक्षीदार खुद्द आत्याबाई.

वहीच्या शेवटी १९८२ ची एक पावती टाचलेली होती. चुलतभावाच्या लग्नाआधी गाडी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेली होती. 'ब्रेक तपासले' असं लिहून पैसे लावलेले. ब्रेक ऑइलचा उल्लेख नाही. इंजिन ऑइल मात्र दोनदा. त्याच वर्षी गाडी विटांवर चढली. आणखी पुरावा मागणाऱ्यानं कोर्टात जावं.

मी वही घेऊन चाचाच्या दुकानी गेलो. तो उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून नोंद मीच वाचून दाखवली. त्यानं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "एरंडाचा वास यायचा अब्बाच्या हाताला. आमाला वाटायचं, पोट बिघडतंय त्येंचं."

पुढचं काम सोपं होतं. नवी रबरं परदेशातून आली (जुन्या गाड्यांचं सामान बनवणारे लोक तिकडे अजून आहेत), नळ्या स्पिरिटनं धुतल्या, ताजं ब्रेक ऑइल भरलं. मग नळ्यांतली हवा काढायची : एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली निजून निपल सोडायचं. पायडलवर आमची ही बसली. खालून चाचा ओरडे, "दाबा, वैनी!" आणि ही सगळा जोर एकवटून दाबी. एवढं समाधान तिच्या तोंडावर मी क्वचितच पाहिलं आहे.

पुतण्याचं म्हणणं, गाडीला सरकारी 'व्हिंटेज' नोंदणी घ्यावी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली तसा नियम झाला आहे आणि क्रमांकात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. पण अशी गाडी एरवी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. देवदर्शन यादीत नाही. आत्याबाईंनी तो विषय तिथंच मिटवला. जुना क्रमांक आहे तो आहे.

औंढ्याच्या वाटेवर गाडी सात वेळा थांबली. दोनदा शेळ्यांसाठी, पाचदा आत्याबाईंच्या हुकमावरून; सरळ थांबते की नाही ते त्यांना पाहायचं होतं. सातही वेळा नाकासमोर थांबली. विक्रीचं बोलणं अजून चालू आहे. आत्याबाईंनी पुतण्याला तारीखही दिली आहे, फक्त वर्ष सांगितलेलं नाही.

चाचानं मजुरी घेतली ती ठरल्याप्रमाणे, एक रुपया कमी नाही. वर वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. ती आता त्याच्या दुकानात काचेत लावलेली आहे. टायरचं पंक्चर काढायला आलेली पोरं विचारतात, हे काय आहे? चाचा सांगतो, "बिल हाय. अब्बाचं."