निजामशाहीची वाटणी

अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ आपल्या परभणी जिल्ह्यात, पाथरीला आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. फरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुळकर्णी. त्यांतला एक मुलगा विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० साली स्वतंत्र झाला. पाथरी मात्र वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बदल्यात दुसरा मुलूख घ्या पण पाथरी द्या, असं बुऱ्हाण निजामशहानं मागून पाहिलं. इमादशहा ऐकेना, तेव्हा १५१८ साली त्यानं ती लढून घेतली. वतनाच्या गावाची ओढ राजालाही सुटत नाही म्हणायची! पुढे १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं आणि त्याबरोबर पाथरीही गेली.

राहिलेल्या राज्याचे वाटे १६३६ साली पडले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं होतं आणि बालराजा हुसेन ग्वाल्हेरच्या कैदेत गेला होता. तरी शहाजीराजांनी मूर्तजा नावाचं दुसरं मूल गादीवर बसवून किल्ले झुंजत ठेवले. विजापूरकर त्यांना आतून मदत करीत. तेव्हा शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरला, त्याच्या फौजा आदिलशाहीत घुसल्या. विजापूरकरांनी शहापूरच्या तळ्याचं पाणी सोडून शहराभोवतालचा मुलूख बुडवला, पण अखेर मे महिन्यात तह केला.

तहाचा मजकूर पाहण्यासारखा आहे. आदिलशहानं बादशहाचं वर्चस्व मानावं आणि वीस लाख रुपये पेशकश द्यावी. त्याला निजामशाहीपैकी परांडा, सोलापूर, पुणे, चाकण, कोकणचा भाग असे वीस लाख होन उत्पन्नाचे पन्नास परगणे मिळावे, बाकीचं मोगलांचं. म्हणजे हरलेल्यालाच वाटेकरी करून घेतलं! मुत्सद्दीपणा म्हणतात तो हा. शिवाय एक कलम असं की, जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले बादशहाच्या हवाली केल्याखेरीज शहाजीला विजापुरानं नोकरीत घेऊ नये. किल्ले ज्याच्या ताब्यात, त्याला बोलणीत जागाच नव्हती.

दुसऱ्याच्या हातातला मुलूख कागदावर वाटण्याची रीत काही आपल्याकडचीच नव्हे. १२०४ साली काँस्टँटिनोपल घेतल्यावर व्हेनिसवाले आणि फ्रँक सरदार यांनी साम्राज्याचे आठ हिस्से कल्पून वाटणी केली. नव्या सम्राटाला दोन, उरलेले सहा दोघांत निम्मे निम्मे. त्यातले कित्येक प्रांत त्यांनी अजून जिंकायचेच होते.

इथे मात्र दोन्ही वाटेकऱ्यांनी मिळून काम पुरं केलं. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी माहुलीला शहाजीराजांना कोंडलं. १६३६ च्या अखेरीस त्यांनी मूर्तजाला आणि किल्ल्यांना सोडून दिलं. ते विजापूरच्या चाकरीत गेले, मूर्तजाही ग्वाल्हेरला गेला. पुणे-सुपे जहागीर राजांकडे राहिली, पण आता आदिलशहाच्या नावानं. आणि ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, ती मोगलांची झाली.

बापाची जहागीर हद्दीच्या एका बाजूला, जन्माचा किल्ला दुसऱ्या. १६५७ साली औरंगजेब आदिलशाहीवर चालून गेला, बीदर-कल्याणी घेऊ लागला आणि वीस वर्षांचा तह संपला. त्याच साली महाराजांनी पुण्याकडून हद्द ओलांडून जुन्नरवर छापा घातला. शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत हाती आली नाही.