जुन्या छायाचित्रातील वाघिणी आणि सुरतेच्या रेल्वेचा कालनिर्णय

रेल्वेच्या इतिहासलेखनात इंजिनाला जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे मालगाडीच्या डब्याला, म्हणजे रेल्वेच्या व्यवहारात जिला वाघीण म्हणतात तिला, मिळालेले नाही. इंजिनाला स्वतःचा क्रमांक असे, कारखान्याची पाटी असे, क्वचित नावही असे, आणि त्याच्या खरेदीपासून मोडीत काढण्यापर्यंतच्या नोंदी कंपन्या जपून ठेवत. वाघिणी मात्र शेकड्यांनी मागवल्या जात, दुरुस्तीत त्यांचे भाग आपसांत बदलले जात आणि आयुष्य संपले की त्या भंगारात जात. म्हणून जुन्या मालवाहतुकीचा अभ्यास करणाऱ्याला पुष्कळदा छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागतो, आणि ज्या छायाचित्रावर तारीख नाही किंवा असलेली तारीख विश्वासार्ह नाही, त्याचा काळ चित्रातल्या वाघिणींवरूनच ठरवावा लागतो. या पद्धतीचे मूळ तत्त्व असे की चित्रातली कोणतीही एक खूण सहसा नेमके वर्ष सांगत नाही. ती फक्त ‘याच्या आधीचे नव्हे’ किंवा ‘याच्या नंतरचे नव्हे’ एवढेच सांगते, आणि अशा अनेक मर्यादा एकमेकींवर ठेवल्या की मधला काळ अरुंद होत जातो. सुरत आणि तिच्या आसपासचा प्रदेश या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, कारण तेथील रेल्वेची वाढ टप्प्याटप्प्याने झाली आणि बहुतेक टप्प्यांची वर्षे निश्चित आहेत.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली बीबीसीआय, ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली आणि तिने आपले बांधकाम मुंबईहून न करता सुरतेच्या बाजूने सुरू केले. तापीच्या उत्तर तीरावरील उतराण ते अंकलेश्वर हा पहिला तुकडा फेब्रुवारी १८६० मध्ये वाहतुकीस खुला झाला, त्याच वर्षी तापीवरील पूल झाल्यावर सुरत शहर या मार्गाला जोडले गेले, १८६३ मध्ये गाडी अहमदाबादला पोहोचली, आणि मुंबईतील ग्रँट रोडपर्यंतचा सलग मार्ग पूर्ण व्हायला नोव्हेंबर १८६४ उजाडला. या क्रमातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. १८६० ते १८६४ या काळात सुरतेचा मार्ग देशातील दुसऱ्या कोणत्याही रेल्वेला रुळांनी जोडलेला नव्हता, तेव्हा या चार वर्षांतल्या चित्रात दिसणारी प्रत्येक वाघीण समुद्रमार्गे आलेली आणि बीबीसीआयचीच असली पाहिजे. त्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, कंपनीची अक्षरे दिसली तर एक तर काळ चुकला आहे किंवा स्थळ.

स्थळाची परीक्षा रुळांच्या अंतरावरून अधिक खात्रीने होते. रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात ब्रॉडगेजसाठी साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर, मीटरगेजसाठी १,००० मिलिमीटर आणि अनेक लहान मार्गांसाठी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतर ठरले. सुरतेतून जाणारा मुख्य मार्ग आरंभापासून ब्रॉडगेजचा होता आणि बीबीसीआयचे मीटरगेजचे मोठे जाळे अहमदाबादच्या पुढे राजपुतान्याकडे पसरले होते, म्हणून मीटरगेजची वाघीण दाखवणाऱ्या चित्राखाली ‘सुरत’ असे लिहिलेले असले तरी ते मान्य करता येत नाही. रूळ दिसत नसले तरी ही परीक्षा करता येते, कारण ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणीला टोकाच्या आडव्या तुळईवर डावीउजवीकडे दोन बफर, म्हणजे धक्का शोषणाऱ्या गोल थाळ्या, असत आणि मध्ये स्क्रूने आवळायची साखळी असे, तर मीटरगेजच्या वाघिणीला मधोमध एकच बफर असे. अरुंद गेजची स्थिती वेगळी आहे. बिलीमोऱ्याहून डांगच्या जंगलाकडे वघईपर्यंत जाणारा आणि कोसंब्याहून उमरपाड्याकडे जाणारा असे अडीच फुटी मार्ग सुरतेच्या दक्षिणेला व उत्तरेला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाले. ते गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या रेल्वेत मोडत, आणि त्यांच्यावरील ठेंगण्या वाघिणींतून इमारती लाकडासारखा माल मुख्य मार्गापर्यंत येई. अशा वाघिणीवर बडोदे संस्थानाच्या रेल्वेची ‘जीबीएसआर’ ही आद्याक्षरे रोमन लिपीत असली तर स्थळ व काळ दोन्ही बऱ्याच अंशी निश्चित होतात.

वाघिणीमागे दिसणारी बांधकामेही साक्ष देतात. कर्नल जे. पी. केनेडी यांनी या मार्गावरील मोठ्या पुलांसाठी जमिनीत स्क्रूसारखे फिरवून रोवायचे ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यांवर त्रिकोणांच्या जाळीचे, वॉरन पद्धतीचे, गर्डर वापरले. म्हणून सडपातळ नळ्यांच्या जुडग्यांवर उभा असलेला पूल हा पहिल्या पिढीचा पूल होय. भडोचजवळ नर्मदेवर तर पुलांच्या पिढ्याच काळाचे टप्पे दाखवतात. १८६० च्या दशकातील पूल पुरांमुळे वारंवार खराब झाल्यावर १८८१ मध्ये ज्याला पुढे गोल्डन ब्रिज म्हणू लागले तो पूल खुला झाला आणि १९३५ मध्ये त्याच्या शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल उभा राहून रेल्वे त्यावरून जाऊ लागली, तेव्हा गोल्डन ब्रिजवरून चाललेली मालगाडी १८८१ ते १९३५ या चोपन्न वर्षांतली ठरते. विजेच्या तारांचा पुरावाही असाच दुधारी आहे. बीबीसीआयने मुंबईतील कुलाबा ते बोरिवली या उपनगरी मार्गाचे विद्युतीकरण १९२८ मध्ये केले, पण सुरतेच्या बाजूला तारा १९७० च्या दशकात आल्या. म्हणून बीबीसीआयची ताजी अक्षरे असलेली वाघीण तारांखाली उभी असेल, तर ते ठिकाण सुरत नसून मुंबईचे उपनगर असण्याचीच शक्यता जास्त.

वाघिणीच्या बांधणीकडे पाहताना तळापासून वर जाणे सोयीचे असते, कारण वरचा सांगाडा दुरुस्तीत बदलला जाई, पण खालची चौकट, जिला अंडरफ्रेम म्हणतात, ती जास्त काळ टिके. लाकडी तुळयांची चौकट जुनी, लोखंडाची व पुढे पोलादाची नंतरची. आऱ्यांची चाके जुनी, भरीव तबकडीची नंतरची. चार चाकांची वाघीण दीर्घकाळ सर्वसामान्य, तर दोन फिरत्या गाड्यांवर, म्हणजे बोगींवर, बसवलेली आठ चाकांची उघडी वाघीण मोठ्या संख्येने दिसते ती १९६० च्या सुमारास ‘बॉक्स’ प्रकार आल्यानंतर. ब्रेकची रचना अधिक बोलकी आहे. आरंभीच्या वाघिणींना बाजूने दाबायचा हाताचा दांडा एवढाच ब्रेक असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मालगाड्यांनाही व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे नळीतील हवा खेचून घेऊन रोखून धरलेला ब्रेक, बसू लागला आणि टोकाच्या तुळईपाशी वर वळलेली जाड रबरी नळी दिसू लागली. १९८० च्या दशकात ‘बॉक्सएन’ आणि ‘बीसीएन’ या वाघिणींबरोबर दाबाच्या हवेवर चालणारा एअर ब्रेक आला, आणि प्रकाराच्या नावातील ‘एन’ हे अक्षर तीच गोष्ट सांगते. बाजूचे दोन बफर जाऊन मध्यभागी आपोआप अडकणारा सेंटर बफर कप्लर येणे हीदेखील ‘बॉक्स’ वाघिणींपासून सुरू झालेली गोष्ट आहे. यातील प्रत्येक सुधारणा काळाची खालची मर्यादा दाखवते, वरची नव्हे, कारण नवा प्रकार आला म्हणून जुन्या वाघिणी त्याच दिवशी मोडीत निघत नसत. चार चाकी बंद वाघिणी ‘बॉक्स’नंतरही अनेक वर्षे मालधक्क्यांवर उभ्या राहत.

अंगावरील अक्षरे हा सर्वांत ठळक पुरावा वाटतो, आणि म्हणूनच त्याबाबत सर्वांत जास्त सावधगिरी हवी. बीबीसीआयची मालमत्ता सरकारने १९०५ मध्ये विकत घेतली, पण कारभार कंपनीकडेच राहिला; १९४२ मध्ये कारभारही सरकारकडे आला, तरी नाव तेच राहिले; ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे स्थापन झाली तेव्हा ते नाव संपले. म्हणजे मालकी बदलली तेव्हा अक्षरे बदलली नाहीत. शिवाय १९५१ नंतरही नवी अक्षरे वाघीण मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात जाऊन रंगवली जाईपर्यंत लागत नसत, म्हणून बीबीसीआय लिहिलेल्या वाघिणीचे चित्र १९५१ नंतर काही वर्षांपर्यंतचे असू शकते. उलट पश्चिम रेल्वेची अक्षरे १९५१ पूर्वी असूच शकत नाहीत. वजनाचे आकडे याहून बारीक पुरावा देतात. प्रत्येक वाघिणीवर तिचे रिकामे वजन आणि ती वाहू शकेल तेवढा माल लिहिलेला असतो. जुन्या वाघिणींवर हे टन आणि हंड्रेडवेट या ब्रिटिश मापांत असे, तर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आल्यावर मेट्रिक टनांचे दशांश आकडे दिसू लागले. मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याचे संक्षिप्त नावही वाघिणीवर लिहिले जाई, आणि चित्र तेवढे स्पष्ट असेल तर भिंगाखाली तो मजकूर वाचून काळ एक-दोन वर्षांच्या आत आणता येतो. अलीकडील अकरा अंकी क्रमांकात तर पाचवा आणि सहावा अंक बांधणीचे वर्षच सांगतात, पण ते वर्ष वाघिणीचे असते, छायाचित्राचे नव्हे.

अक्षरांवरून मालक कळतो, ठिकाण कळत नाही, ही गोष्ट पहिल्या महायुद्धापासून अधिकच खरी झाली. त्यापूर्वी दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत गेलेली वाघीण परत पाठवण्याकडे कल असे. युद्धकाळात ब्रॉडगेजच्या वाघिणींचा देशव्यापी सामाईक साठा, ज्याला पूल म्हणतात, तयार झाला आणि कोणत्याही कंपनीची वाघीण कोणत्याही स्थानकावर भरली जाऊ लागली. सुरतेच्या संदर्भात याचा संबंध खानदेशाच्या कापसाशी येतो. पूर्वी खानदेशातला कापूस बैलगाड्यांनी कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरमार्गे सुरतेकडे येई. १८६० च्या दशकात जीआयपीचा मार्ग भुसावळपर्यंत गेल्यावर तो थेट मुंबईकडे वळला. आणि तापी खोरे रेल्वे व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या वाटेने १९०० मध्ये अंमळनेरपर्यंत पूर्ण झाली तेव्हा सुरतेचा जुना हक्क काही प्रमाणात परत मिळाला. या मार्गावर गाड्या बीबीसीआय चालवी आणि अंमळनेरला जीआयपीची जळगावकडून आलेली शाखा येऊन मिळे, म्हणून नंदुरबारच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याबाहेरच्या चित्रात दोन्ही कंपन्यांच्या वाघिणी शेजारीशेजारी असणे स्वाभाविक आहे. त्यांच्याबरोबर एखाद्या दूरच्या, उदाहरणार्थ नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या, वाघिणी मोठ्या संख्येने दिसल्या तर चित्र सामाईक साठ्यानंतरचे मानणे सयुक्तिक ठरते. एखादीच दिसली तर तेवढा निष्कर्ष काढता येत नाही.

वाघिणीबरोबर छायाचित्राचीही परीक्षा करावी लागते. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियन काचेला अनेक सेकंद प्रकाश द्यावा लागे आणि ती काच निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई, म्हणून आकाश कोरे पांढरे आणि तांबूस रंगाची वाघीण जवळजवळ काळी दिसते. अशा चित्रावरून वाघिणीचा मूळ रंग ठरवणे व्यर्थ असते. १८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटिन काचा आल्यावर चालती गाडी टिपणे शक्य झाले, आणि सर्व रंगांना योग्य प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकात सर्वसाधारण झाली. काच उलटी ठेवून छापलेल्या चित्रात डावे-उजवे बदलते, तेव्हा अक्षरांची दिशा आधी पाहावी लागते. पोस्टकार्डावरील टपालाचा शिक्का फक्त वरची मर्यादा देतो, कारण एकाच काचेवरून अनेक वर्षे कार्डे छापली जात. मथळ्यातील ‘सुरत’ या शब्दाबाबतही विचार हवा: लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम भारतातील कापसाला सरसकट सुरत म्हणत, म्हणून इंग्लंडमध्ये लिहिलेल्या मथळ्यात तो शब्द शहराचा नसून मालाचा असू शकतो.

या सर्व मर्यादा एकत्र कशा वापरायच्या, ते एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका चित्रात पोलादी चौकटीची चार चाकी बंद वाघीण आहे, तिला बाजूचे दोन बफर आणि व्हॅक्यूमची नळी आहे, अंगावर बीबीसीआय अक्षरे आणि हंड्रेडवेटमधील वजन आहे, शेजारी दाबलेल्या कापसाच्या गासड्या आहेत आणि मागे तारा नाहीत. बफरांमुळे मीटरगेज वगळले जाते; नळीमुळे विसाव्या शतकापूर्वीचा काळ वगळला जातो; अक्षरे आणि वजन मिळून १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा काळ असंभवनीय ठरवतात; तारांचा अभाव मुंबईच्या उपनगराविरुद्ध जातो, पण सुरतेच्या बाजूने काही सिद्ध करत नाही. हाती येतो तो सुमारे अर्ध्या शतकाचा पट्टा, आणि तो अरुंद करायला दुरुस्तीची तारीख, एखादा पूल किंवा दुसऱ्या कंपनीची वाघीण लागते.

म्हणून संग्रहालयांच्या व ग्रंथालयांच्या सूचीत ‘सुमारे १९२०’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. दोन्ही मर्यादा आणि प्रत्येक मर्यादेचे कारण नोंदवले तर पुढील अभ्यासकाला एखादी नवी खूण सापडताच संपूर्ण काम पुन्हा करावे लागत नाही. त्याला फक्त त्या एका मर्यादेची दुरुस्ती करावी लागते. गुजरात आणि खानदेश यांमधील कापसाच्या, लाकडाच्या आणि धान्याच्या व्यापाराचा जो भाग हिशेबाच्या वह्यांत उतरला नाही, तो अशा नेमकेपणाने वाचलेल्या चित्रांतून काही प्रमाणात हाती येऊ शकतो, आणि तारखेमागचे कारण लिहून ठेवणे ही त्या वाचनाची पहिली अट आहे.